वासंतीस पत्र

दांडिया बाजार, वडोदरा
१८ मे

प्रिय वासंती,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, याची रुखरुख आहेच. पण आज लिहायला बसले ते काल जे घडले ते तुझ्यावाचून कुणाला कळणार नाही म्हणून. आम्ही सारे ठीक आहोत. गुडघा तेवढा अधूनमधून दुखतो.

काल माझा ऑनलाइन एम.कॉम.च्या तिसऱ्या सत्राचा कॉस्टिंगचा, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा, पेपर होता. परीक्षा घरीच, पण कॅमेऱ्यासमोर. आधी ओळखपत्र दाखवायचे, मग लॅपटॉप फिरवून चारही भिंती आणि टेबलाखालची जागा दाखवायची, आणि त्यानंतर खोलीत दुसरे कुणी येता कामा नये. सासूबाईंना जेवू घालून निजवले होते, दाराला आतून कडी घातली होती. चाळीसेक मिनिटांनी त्या दार वाजवू लागल्या आणि "अक्का, अक्का" म्हणून हाका मारू लागल्या. हल्ली मी त्यांना त्यांची थोरली बहीण वाटते. हाका रडण्यावर गेल्या तेव्हा मी उठले, त्यांना खुर्चीत बसवले, पाणी पाजले. परत आले तर पडद्यावर लाल अक्षरांत इशारा होता. पेपर पुरा केला, पण आता चित्रण तपासल्यावरच काय ते ठरणार.

गृहपाठाचे गुण ३०, परीक्षेचे ७०. पेपर रद्द झाला तर सत्र लांबणार, आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षे व्हाउचर तपासल्यानंतर पहिल्यांदाच सीनियर अकाउंटंटची जागा निघते आहे. आमचे साहेब म्हणतात, घरी बसून मिळवलेली पदवी कोण धरतो? मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि प्रवेश घेण्याआधी आयोगाच्या यादीत या अभ्यासक्रमाचे नाव मी स्वतः पाहिले होते. हे सारे त्यांना सांगता आले असते. पण त्यांचे वाक्य ऐकताच मला सूरसागर तलावाचा काठ आठवला आणि तोंडून शब्द फुटेना.

तेच वाक्य तिथे मी तुला ऐकवले होते, वासंती. तू लग्नानंतर घरी बसून इग्नू या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करत होतीस, मी रोज सयाजीराव विद्यापीठात जात होते, आणि त्याचा मला मोठा ताठा होता. तू तीन महिने माझ्याशी बोलली नाहीस. तुझ्या जावेने गृहपाठाचा लिफाफा रद्दीत घातला आणि तू हातगाडीमागे मंगळबाजारापर्यंत धावत जाऊन तो परत आणलास, ही गोष्ट आपण पुढे किती वेळा हसत सांगितली! त्या धावण्यात काय होते ते मला काल दाराची कडी काढताना कळले. सयाजीरावांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात, हे आजोबा किती अभिमानाने सांगत. त्यांच्या घरात वाढून मी तुला तसे बोलले. मला क्षमा कर.

अभ्यास मात्र मनापासून आवडतो आहे. रात्री साडेनऊला ओटा आवरून व्याख्यान लावते. प्रोसेस कॉस्टिंगमधला अ‍ॅबनॉर्मल लॉस, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त झालेली मालाची नासाडी, समजेपर्यंत तीनदा ऐकला. वर्गात सरांना तीनदा विचारण्याचे धैर्य मला कधीच झाले नसते. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या वाया गेलेल्या मालाचा हिशेब प्रथमच पुरता उमगला. म्हणूनच हे सोडवत नाही.

तुझ्या घराच्या रंगाचे काम संपले का? चिन्मयची दहावी कशी गेली? भाऊजींना नमस्कार सांग.

पुढचा पेपर ३० तारखेला दुपारी दोन ते पाच आहे. सुरतेहून सकाळच्या गाडीने येशील का? सासूबाई तुला ओळखणार नाहीत, पण पत्ते मांडलेस की शांत बसतात. भिकार-सावकार अजून खेळतात, फक्त त्यांना जिंकू द्यावे लागते.

तुझी,
सुनंदा