पिशवीवाल्या काकू आणि त्यांच्या पोरांना थँक्यू

काकू, तुमचं नाव विचारायचंच राहिलं म्हणून इथं लिहून राहिलो. माझा लहान भाऊ नागपुरात रूम करून नीटची तयारी करत होता, मार्क कमी आले तेव्हापासून कोणाशी बोलेना, आणि एका रात्री मला मेसेज, दादा आता जगून काय करू. मी पुण्यात, हातपाय गळाले. मेसवाल्यांना फोन लावला, त्यांनी तुम्हाला उठवलं, तुम्ही दोन पोरं घेऊन थेट रूमवर. भाषण नाही, काही नाही, "बाबू, जेवला का?" मग सरळ विचारलं, मरायचे विचार येऊन राहिले का, तेव्हा कुठं तो रडला. एक पोरगा रात्रभर त्याच्याजवळ थांबला.

आणि ती कापडी पिशवी! चिवडा, संत्रा बर्फी, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर (24 तास, फुकट, मराठीतही बोलता येतं), आणि चिठ्ठी: "सकाळी तर्री पोहे खायला जाऊ, मी न्यायला येतो." पोरगा खरंच आला ना बे! पोहे खाऊन त्यानंच शेजारी बसून फोन लावून दिला.

भाऊची ट्रीटमेंट सुरू आहे, हळूहळू बोलायला लागलाय. चिठ्ठी पाकिटात ठेवतो, मला हातही लावू देत नाही. आई पिशव्यांसाठी चिवडा घेऊन येऊन राहिली, मना करू नका.