सिस्टर, तुम्ही आधी ह्यांना बोलावलंत

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

पेढे घेऊन दवाखान्यात आले होते तेव्हा तुमच्या टेबलापुढे ही रांग, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. म्हणून पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. काळाचौकी-लालबागच्या कितीतरी घरांत हा विषय दार लावूनसुद्धा निघत नाही.

लग्नाला वर्षं उलटली, पाळणा हलेना, तशा सगळ्यांच्या नजरा माझ्याच पोटाकडे. उपास माझे, नवस माझ्या नावाचे, सोनोग्राफीही माझीच. एका खासगी सेंटरने तर पहिल्याच भेटीत आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, पॅकेजचा कागद पुढे सरकवला. तुम्ही फाइल चाळलीत आणि विचारलंत, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" नव्हताच. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं आणि वीर्याची तपासणी स्वस्त, न दुखणारी असते, हे तुम्ही सासूबाईंच्या देखत सांगितलंत. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी करतात, त्यात बाईला चांगल्याच कळा येतात. ते आधी आणि हे नंतर, हा कुठला न्याय?

हे तयार होईनात. तुम्ही त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलंत ते मला आजही ठाऊक नाही. पण दोन-चार दिवस संबंधांचं पथ्य पाळून नमुना द्यायचा, एकाच रिपोर्टवर निकाल लावायचा नाही, काही आठवड्यांनी परत तपासायचं, हे घरी येऊन त्यांनीच मला समजावलं. शुक्राणू कमी निघाले. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा आज तंबाखू सोडून उद्या फरक मागू नका, असं तुम्ही बजावलंत. सुटली एकदाची. माझ्या सांगण्याने सात जन्मांत सुटली नसती!

पुढे डॉक्टरांनी आययूआय केलं. लॅबमध्ये वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात, भूलही लागत नाही. दिवस राहिले. आयव्हीएफची वेळ आलीच तरी धसका घेऊ नका, म्हणून तुम्ही डॉ. इंदिरा हिंदुजांचं सांगितलं होतंत. त्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ ला, आपल्या परळच्या केईएममध्ये. घरापासून चालत जायचं अंतर, आणि आम्हाला पत्ता नाही.

बाळंतपणानंतर तुम्ही तांबी बसवायचा विषय काढलात तेव्हा मात्र सासूबाई उखडल्या. "एवढ्या मिनतवारीने झालं, आता कसली साधनं? हिला कुठे सहज दिवस राहतायत?" मलाही ते पटत होतं. तुम्ही सांगितलंत, उपचाराने पहिलं झालं आणि दुसऱ्या वेळी आपसूक दिवस राहिले, अशा बायका असतात. अंगावर पाजतेय म्हणून निर्धास्त राहायचं तर बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध हवं आणि पाळी परत आलेली नसावी. यातलं एक जरी मोडलं तरी साधन हवंच.

मग दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याच्या हिशेबाने घ्यायच्या छाया गोळ्या, निरोध, सगळं टेबलावर मांडलंत. अंतरा थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. आम्हाला तर दुसरं हवंय, त्यात आधीचा अनुभव असा. तांबी दहा वर्षं चालणारी असली तरी हवी तेव्हा काढता येते आणि काढली की लगेच प्रयत्न करता येतो, म्हणून मी तीच निवडली. आमच्या मजल्यावर तांबी काळजापर्यंत चढते अशी तिची ख्याती आहे! तुम्ही प्लास्टिकच्या गर्भाशयात ती बसवून दाखवलीत तेव्हा सासूबाईसुद्धा चष्मा लावून बघत होत्या. सुरुवातीचे काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाईल, पोट दुखेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. तसंच झालं, आणि म्हणूनच घाबरून काढायला धावले नाही.

पुढच्या आठवड्यात माझी नणंद तुमच्याकडे येतेय. "नवऱ्याला घेऊनच जा, नाहीतर सिस्टर परत पाठवतील," असं सासूबाईंनीच तिला फोनवर बजावलंय.

आपली,
काळाचौकीची सून