सांगली-मिरज-कुपवाडकरांनो, रविवारचे दोन तास द्या (आणि जमलं तर तांदूळ पण)

नमस्कार मंडळी,

पैसे पण मागणार आहे, ते खाली येईलच, पण आधी रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांच्या खाण्यापिण्याला, औषधपाण्याला माणसं मागतो, कारण सध्या आमच्याकडे खरी टंचाई माणसांची आहे. थंडी पडायला लागली, कारखान्यांचे हंगाम सुरू झाले, पावसाळ्यानंतर झालेली पिल्लं गल्लोगल्ली फिरायला लागली आणि नेमकी ह्याच वर्षी आमच्यातली निम्मी पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली. जी उरलीत ती दमलीत.

आम्ही म्हणजे कुठली मोठी संस्था नाही हो. ऑफिस नाही, बोर्ड नाही, गाडी पण स्वतःची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं ते कोण विसरेल, माणसं बोटीतून बाहेर काढली गेली पण गच्चीवर, पत्र्यावर, जिन्यात अडकलेली कुत्री-मांजरं तशीच राहिली, काही ठिकाणी तर दावणीची जनावरं पण. त्यावेळी बोटवाल्यांच्या हातापाया पडून पिशवीतनं भाकरी पोचवणारी जी पाच-सहा टाळकी होती तीच पाणी ओसरल्यावर पण एकत्र राहिली, हळूहळू अजून लोक आले, तोच हा ग्रुप.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षभरात आमच्याकडे जे नवीन लोक आले त्यातले बरेचसे "मला प्राण्यांची फार आवड" म्हणून आलेलेच नाहीत. ते वैतागून आलेत. एक काका आहेत, एसटीतनं रिटायर झालेले, दिवसभर न्यूज चॅनेल लावून बसायचे आणि संध्याकाळी घरातल्यांवर ओरडायचे, त्यांना त्यांच्या सूनबाईंनीच आमच्याकडे आणून सोडलं, अक्षरशः गाडीवर बसवून. आता रोज दुपारी भाताचं पातेलं काकांच्या ताब्यात असतं, दुसऱ्या कुणी हळद जास्त टाकली तरी चालत नाही त्यांना. बीपीची गोळी चालूच आहे, ती काय कुत्र्यांनी बंद होत नाही, पण टीव्ही बंद झाला. एक ताई घरून आयटीचं काम करतात, दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही, त्या आल्या आणि पहिल्या आठवड्यात कुठल्या गल्लीत किती कुत्री, कुणाची नसबंदी झाली, कुणाची राहिली ह्याची एक्सेल शीट करून मोकळ्या झाल्या (आमचा तोपर्यंतचा सगळा कारभार वहीच्या मागच्या पानावर होता). आणि एक कॉलेजचं पोरगं, रील काढायला आलं होतं, आता जखमेतल्या आळ्या काढतंय.

मोबाईल उघडला की कुणीतरी कुणाचा तरी सूड घेतंय, कमेंटमध्ये एकमेकांची आई-बहीण निघतेय, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरनं महाभारत, आणि ह्या सगळ्याचं आपण काहीच करू शकत नाही. इथं करता येतं. पायाला जखम झालेलं कुत्रं आहे, ती धुतली, औषध लावलं, चार दिवसांनी ते टेकवत चालायला लागलं, संपलं, एवढं सरळ आहे. २०१९ मध्येच अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने एक प्रयोग केला होता, ज्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा कमी भरलं. आमच्याकडे लाळ तपासायचं मशीन नाही, पण काकांच्या सूनबाईंना विचारा.

गोड गोड चित्र रंगवणार नाही पण. परवाचीच गोष्ट सांगतो, वखारभागात एका कुत्र्याच्या कानामागे जखम होती, वरून रुपयाएवढी दिसत होती, वास मात्र दहा फुटांवरून येत होता. एकाने गॉझची पट्टी कुत्र्याच्या तोंडाला बांधली, एकाने मान धरली, एकाच्या हातात मोबाईलची टॉर्च. स्प्रे मारला की दोन मिनिटांत आळ्या वर यायला लागतात, मग चिमट्याने एक एक, आणि आत पोकळी निघते ती केवढी तरी, बोट जाईल एवढी. धरलेलं कुत्रं आधी गुरगुरत होतं, मग थरथरायला लागलं, आणि शेवटी शेवटी त्याने ज्याने मान धरली होती त्याच्याच मांडीवर डोकं टाकलं. ते पोरगं नंतर चहाच्या गाड्यावर अर्धा तास काहीच बोललं नाही आणि मग एकदम म्हणतंय, "उद्या ड्रेसिंगला मीच येणार." पोराला इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेत, घरी तणतण चालू आहे, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर.

आणि वाईट दिवस पण येतात. पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) आला की पिल्लांची अख्खी वीण दोन-तीन दिवसांत जाते, सलाईन लावून पण जाते. रडू येतं. पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही हे आधीच सांगतो, आणि पहिल्याच महिन्यात आजारी पिल्लं कुणाच्या अंगावर टाकत नाही.

आता ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते किंवा राग येतो त्यांच्यासाठी. तुमचा राग खोटा नाही. पोराला कुत्रं चावल्यावर आईबापाची काय हालत होते ते आम्ही पण बघितलंय, आणि रस्त्यात भांडून कुणाचं मत बदलत नाही हे पण कळलंय. आमचं म्हणणं एवढंच की मारून किंवा लांब नेऊन सोडून प्रश्न सुटत नाही, रिकाम्या झालेल्या गल्लीत दुसरी कुत्री येतात, नसबंदी न झालेली, लस नसलेली, कुणाच्याच ओळखीची नसलेली. २०२३ च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांसाठी वेगळा आदेश दिलाय, तिथली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत, त्यामुळे शाळेच्या गेटवर खायला घालणाऱ्यांनी कृपया जागा बदला, आम्ही पण बदललीय. डब्ल्यूएचओ सांगते की साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते. आणि इथंच खायला घालणारी माणसं कामाला येतात, कारण ओळखीचं कुत्रं जाळं न टाकता हाताशी येतं, महापालिकेच्या गाडीत चढवताना दंगा होत नाही. पण रोज डबा घेऊन जायचं आणि नसबंदीचं नाव काढलं की "पाप लागेल" म्हणायचं, अशा लोकांचा आम्हालाही तुमच्याएवढाच त्रास होतो, स्पष्टच सांगतो. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षात दोनदा वेऊ शकते, हिशोब तुम्हीच करा.

सध्याची मोठी दोन कामं. एक, रेडिअमचे पट्टे. रात्री उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याला पटकन ब्रेक लागत नाही आणि ड्रायव्हरला काळं कुत्रं दिसत पण नाही. गळ्यात चमकणारा पट्टा असला तर लांबूनच दिसतं. पट्टे आम्ही बसून शिवतोय, शिवणयंत्र असलेल्या मावशी, काकू, आज्ज्या पाहिजेत, घरी बसून करा, कापड आणि रेडिअम आम्ही आणून देतो. दुसरं, ऊसतोडीच्या टोळ्यांची बैलं. बीडकडनं आलेली ही माणसं स्वतःच खोपीत राहतात, त्यांना शहाणपण शिकवायला जायचं नाही, जू घासून खांदा सुजलेला, जखम झालेली असते तिथं डॉक्टर घेऊन जायचं, मलमपट्टी करायची, आणि जमलं तर त्यांच्या पोरांसाठी स्वेटर पण न्यायचे. डॉक्टर सोबत येतात, पण पाणी तापवायला, बैल धरायला, यादी लिहायला माणसं लागतात. आपल्या भागात एखादं जनावर आजारी दिसलं तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावरून मिळतं. मोर, घुबड, साप असलं काही असेल तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ ला फोन करा.

वस्तू काय चालतात? जुन्या चादरी, गोणपाट, वर्तमानपत्रं (पिल्लांखाली सतत लागतात), तांदूळ, स्टीलची जुनी पातेली, गॉझ, हातमोजे. रोज पाच-सहा किलो तांदूळ शिजतो, चिकनचे पाय आणि मुंड्या दोन दुकानदार भाऊ फुकट देतात, त्यांचे उपकार. शिळी बिर्याणी, तिखट रस्सा, लग्नातलं उरलेलं पनीर आणू नका, मीठ-मसाल्याने जुलाब लागतात आणि निस्तरायला आम्हीच. लहान पिल्लांना गाईचं दूध पण नको. आणि हे खास आपल्या गावात सांगावं लागतं, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याला अजिबात घालायची नाहीत, किडनी जाते. तसंच कुत्रं चावलं तर जखमेवर हळद, चुना, मिरची काही भरू नका, हळद सांगलीची असली तरी. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन इंजेक्शन घ्या.

पैशांचं. ज्यांना द्यायचे त्यांनी द्या, साध्या कागदावर पावती मिळेल, दर महिन्याचा जमाखर्च ग्रुपवर टाकतो, मेडिकलच्या बिलाचे फोटो सकट. ८०जी आमच्याकडे नाही, म्हणजे टॅक्समध्ये सवलत मिळणार नाही, नंतर विचारू नका. रोख देण्यापेक्षा मेडिकलमध्ये आमच्या उधारीवर थेट भरलेत तर अजून बरं, दुकानदार पण जरा हसून बोलेल.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी आईवडिलांपैकी कुणाला तरी सोबत आणायचं. जखमा, पकडणं अशा कामात उतरायचं असेल तर आधी रेबीजचे तीन डोस (पहिला, सातव्या दिवशी आणि २१ किंवा २८ व्या दिवशी), त्याशिवाय हात लावू देत नाही, कितीही हौस असली तरी. तोपर्यंत भात, पट्टे, एक्सेल, गाडी चालवणं अशी भरपूर कामं आहेत. कुत्र्याची भीती वाटणाऱ्यांनी पण या, आमच्या हिशोब बघणाऱ्या काकू अजून कुत्र्यापासून चार हात लांबच उभ्या राहतात, काही बिघडत नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला आमराईच्या मेन गेटपाशी जमतोय. जुने कपडे, बूट (चप्पल नको), पाण्याची बाटली. फोर व्हीलर असेल तर डिकी रिकामी करून आणा, त्या दिवशी कर्नाळ रोडवरनं दोन कुत्र्या नसबंदीला न्यायच्यात आणि आमच्याकडे आत्तापर्यंत फक्त एक अॅक्टिव्हा फायनल झालीय.