आंबा घाटाच्या पायथ्याशी भेटलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितेय.

त्या संध्याकाळी आईला घेऊन मी रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. साखरप्याला चहा घेतला आणि गाडी सुरूच होईना. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. कुणी म्हणालं बॅटरी गेली, कुणी धक्का मारायला पुढे झालं. मी घाबरून चावी फिरवतच राहिले.

तुम्ही आलात आणि आधी मला थांबवलंत. "ताई, स्टार्टर तापेल. इंजिन एवढं फिरतंय म्हणजे बॅटरी चांगली आहे." मग सगळ्यांना गप्प केलंत, मागच्या सीटला कान लावलात आणि म्हणालात, स्टार्टर मारू नका, नुसती चावी ऑन करा. पेट्रोलचा पंप अशा वेळी दोनेक सेकंद घूंऽऽ करतो. तो आवाज आलाच नाही. तरी तेवढ्यावर तुम्ही निकाल दिला नाहीत. प्लग काढलात, तो कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. ठिणगी मात्र स्वच्छ निळी पडत होती. म्हणजे इंजिनपर्यंत पेट्रोलच पोचत नव्हतं.

पंपाचा फ्यूज शाबूत निघाला. उरला रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटासा स्विच. हॉर्नचा आणि एसीचा रिले त्याच नंबरचा होता. तुम्ही एसीचा काढून पंपाच्या जागी बसवलात. "घाटात हॉर्न लागतो ताई, एसीवाचून चालेल." त्या घाईतही आमच्या पुढच्या वाटेचा विचार तुम्ही केलात, हे मी विसरणार नाही.

चावी ऑन केली आणि माझ्याआधी आईच म्हणाली, "वाजला गं!" दुसऱ्या स्टार्टरला इंजिन लागलं.

पंप गेलाय म्हणाला असतात तरी मी विश्वास ठेवला असता, हजारो रुपये मोजले असते. तुम्ही जुन्या रिलेचं टोपण उघडून आतले काळे पडलेले पॉइंट दाखवलेत, दुकानात दाखवायला तो कागदात बांधून दिलात आणि 100 रुपये घेतलेत.

ऑपरेशन वेळेवर झालं, पट्टीही निघाली. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच रस्त्यानं येतोय. आईनं त्या दिवशी तुमचा नुसता आवाज ऐकला होता. तिला तुमचा चेहरा बघायचाय.