लाल शाईने इंग्रजी सुधारत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना होत आला. आता इंग्रजीच्या निबंधवह्या तपासायला येतील आणि मराठी माध्यमाच्या बहुतेक शाळांत नेहमीचेच दृश्य दिसेल. ओळीओळीवर लाल शाई, समासात शिक्षकांनी लिहून दिलेले शुद्ध वाक्य, खाली सही-तारीख आणि ‘पाच वेळा लिहा’ असा शेरा. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आता गावातल्या काही मुलांचे लेखन पाहते. या पद्धतीत शिक्षकांचे श्रम अफाट असतात आणि मुलांच्या पदरात फार थोडे पडते, म्हणून हे पत्र.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. म्हणजे दहावीतला मुलगा दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. तरीही त्याच्या वहीत ‘ही डिड नॉट वेंट’ सापडतेच. मग मुलाचे लक्ष नाही किंवा शिक्षक शिकवत नाहीत, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे दोन्ही मान्य नाही. ‘तो गेला नाही’ या मराठी वाक्यात भूतकाळ ‘गेला’मध्येच राहतो, नकार आला म्हणून तो जागा सोडत नाही. इंग्रजीत ‘डिड’ आले की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात येते. ‘वेंट’ लिहिणारा मुलगा आपल्या भाषेची रीत इमानाने पाळत असतो.

अशी उदाहरणे कोणत्याही वहीत मिळतील. ‘आय ॲम लिव्हिंग इन कराड सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य घ्या. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०२० पासून’ या दोन्हींना मराठीत एकच ‘पासून’ पुरते. इंग्रजीला मुदत सांगायला ‘फॉर’ लागते आणि सुरुवात सांगायला ‘सिन्स’. शिवाय मराठीत ‘राहतोय’ म्हटले की काम भागते, तिथे इंग्रजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ मागते. ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’मध्ये आपली जरी-तरीची जोडी उतरलेली असते, इंग्रजीला त्यातला एकच शब्द पुरतो. ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’ ही चूक तर पदवीधरांच्या अर्जांतही दिसते. मराठीत ‘तो कुठे आहे?’ असे थेट विचारा किंवा ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ म्हणा, आतल्या शब्दांचा क्रम तोच राहतो. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की क्रम पालटतो. हे कोणी सांगितलेच नसेल, तर मुलाला ते कळणार कसे?

एस. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच मांडले होते, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्या घडीला त्याच्या मनात भाषेचे कोणते नियम तयार झाले आहेत याचा पुरावा. पुढे १९९६ मध्ये भाषा-अध्यापनाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी तर परभाषेतल्या लेखनातील व्याकरणाच्या दुरुस्त्या निरुपयोगी आहेत, त्या बंदच करा, अशी टोकाची भूमिका घेतली. त्याच क्षेत्रातल्या अभ्यासक डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिले. सगळ्या दुरुस्त्या एका मापाने मोजू नका, ज्या चुकांमागे सांगता येण्याजोगा नियम आहे त्या नेमक्या दाखवल्या तर फायदा होतो, असे त्यांचे म्हणणे. माझा अनुभव फेरिस यांच्या बाजूचा आहे.

म्हणून मी एका वेळी एकाच प्रकारची चूक धरते. भूतकाळ शिकवला असेल, तर त्या पंधरवड्यात फक्त भूतकाळ. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ आणि समासात ‘भू’ एवढेच अक्षर. बरोबर रूप मी लिहून देत नाही. आठवीतल्या एका मुलीने मैत्रिणीला जत्रेबद्दल पत्र लिहिले होते: ‘माय अंकल टेक अस टू द फेअर. वी सी द जायंट व्हील. आय डिड नॉट सॅट इन इट.’ तीन रेघा पाहून तिने ‘टुक’ आणि ‘सॉ’ स्वतःहून केले आणि ‘सॅट’पाशी अडली. “अगं, ‘डिड’मध्ये काय आहे?” एवढेच मी विचारले. ती थोडा वेळ वाक्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे भूतकाळ दोनदा झाला, बाई!” मग पुढच्या पानावर मी खूण न केलेले ‘डिड नॉट केम’ तिने आपणच शोधून खोडले. नंतर तिने सगळे पत्र नव्याने लिहून काढले. हा दुसरा मसुदा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या शाळांत नेमका तोच लिहून घेतला जात नाही. ‘पाच वेळा लिहा’ ही नुसती नक्कल असते, त्यात मुलाला काहीच ठरवावे लागत नाही.

काही चुकांना वेळ द्यावाच लागतो. ‘ही ईट्स’मधला शेवटचा ‘स’ आणि ‘अ’, ‘द’ ही उपपदे मराठी मुलांना फार उशिरा साधतात. उपपदे तर मराठीत नाहीतच. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्या बालकांमध्येही हा ‘स’ ‘इंग’सारख्या रूपांच्या बराच मागून येतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये नोंदवले आहे. तेव्हा आठवीच्या निबंधात प्रत्येक सुटलेल्या ‘द’साठी गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

हल्ली मोबाइल क्षणात शुद्ध वाक्य देतो. नोकरीच्या अर्जावरून शेवटचा हात फिरवायला ते ठीक आहे. शिकणाऱ्या मुलाने मात्र आधी स्वतः लिहावे आणि मोबाइलने काय बदलले व का, हे मराठीतून सांगून दाखवावे.

एका वर्गात पन्नास-साठ वह्या, हे कोण करणार, असे शिक्षकबांधव विचारतील. एकच प्रकार पाहायचा असल्याने वेळ उलट वाचतो. चार वह्यांतली चार वाक्ये नाव न घेता फळ्यावर लिहिली, तर अर्ध्या वर्गाचे काम तिथेच होते. आसपासच्या शाळांच्या केंद्रात शिक्षकांची जी शिक्षण परिषद भरते, तिच्यात दोन-तीन निबंध सर्वांनी मिळून तपासावेत आणि चुकीमागची मराठी रचना कोणती यावर बोलावे. अंतर्गत मूल्यमापनात दुसऱ्या मसुद्याला गुण ठेवावेत. वह्यांची पाहणी करणारे मुख्याध्यापक, विस्तार अधिकारी आणि घरी वही उघडणारे पालक या सर्वांना कळकळीची विनंती आहे, की खूण न केलेली चूक दिसली म्हणून शिक्षकांना जाब विचारू नका. मुलाने स्वतः सुधारून लिहिलेला मसुदा वहीत आहे का, ते पाहा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कराड