महाडच्या अलीकडच्या वायरमनकाकांना

वायरमनकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलंच नाही. पाटीवर नुसतं ‘ऑटो इलेक्ट्रिक’ होतं आणि त्यातला ‘ऑ’ पावसाने धुऊन गेला होता. यंदा गणपतीला जाताना लोणेरे ओलांडल्यावर गाडी मुद्दाम हळू केली, पण रुंद झालेल्या रस्त्याकडेला तुमची टपरी काही दिसली नाही. पत्ता नाही, नंबर नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. कुणीतरी वाचून दाखवेल.

खूण सांगतो. २०२३ साल, हरतालिकेच्या आदल्या रात्री कोसळणारा पाऊस, डावा हेडलाइट बंद पडलेली जुनी हॅचबॅक, मागच्या सीटवर मखराचं सामान मांडीवर घेतलेली माझी आई आणि बॉनेटखाली पक्कड घेऊन वाकलेला मी. तुम्ही शटर अर्धं ओढलं होतं. माझ्याकडे बघून आधी म्हणालात, “अहो, दात काढायला बसलाय का?”

तोवर व्हायचा तो घोटाळा होऊन गेला होता. माणगावात मी नवा बल्ब घेतला होता. बल्बच्या मागचा तीन पायांचा होल्डर नुसता धरून ओढला की आमच्या गाडीत निघून येतो, त्याला लॉक नाही. बल्ब बदलला तरी उजेड पडेना, म्हणून हेडलाइटच्या पाठीमागचा मोठा कपलरही, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, मी त्याच हिशेबाने ओढला. हाताने निघेना, तेव्हा वायरींचा झुबका पक्कडीत धरून ओढला. कपलर जागचा हलला नाही. अर्थिंगची वायर तेवढी सुटून हातात आली, तिच्या टोकाचं धातूचं थिंबल आतच राहिलं.

तुम्ही रागावला नाहीत. लाइट बंद करून किल्ली काढायला लावलीत, फडक्याने कपलर पुसलात आणि माझं बोट धरून त्याच्या पोटाखाली नेलंत. तिथे नखाएवढी पट्टी लागली. तेच ते लॉक, वरून दिसतच नव्हतं. मी लगेच ती दाबून ओढायला गेलो, तर तुम्ही मागे वळून आईला विचारलंत, “आजी, पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी कशी काढता?” आई म्हणाली, “दार आधी दाबून धरायचं, मग कडी सरकते.” “बघा,” तुम्ही म्हणालात, “आजींना येतं.”

काका, त्या एका प्रश्नात मला सगळं कळलं. कपलर ओढला की लॉकचा आकडा खाचेत आणखी घट्ट रुततो. तशात पट्टी दाबली तर ती वाकते नाहीतर तुटते. म्हणून आधी कपलर आत ढकलायचा, आकड्यावरचा ताण गेला की अंगठ्याने पट्टी दाबायची आणि दाबलेली ठेवूनच बाहेर घ्यायचा. धरायचं प्लास्टिकला, वायरला हात लावायचा नाही. अडलाच तर किंचित डावीउजवीकडे हलवायचा. तुमच्या हातात तो असा निघाला की मला माझ्या पक्कडीची लाज वाटली.

आत हिरवट थर धरला होता. मी खिशातला चाकू काढला आणि खरवडायला लागणार, तेवढ्यात तुम्ही मनगट धरलंत. पितळेच्या पिनांवर कथलाचा मुलामा असतो, म्हणजे आपली कल्हईच. ती खरवडली की उघड्या पितळेला दमट हवा पुन्हा लागते, असं सांगितलंत. यावर आई मागून बोललीच, “कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकतं, तसंच हे!” नंतर गुहागरपर्यंत ती हेच सांगत होती. तुम्ही कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, दात घासायच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने पिना साफ केल्यात.

मग ती छत्रीची काडी. मोडक्या छत्रीची, टोक घासून चपटं केलेली. आत राहिलेलं थिंबल काढायला तुम्ही ते आधी पुढच्या बाजूला जरासं सरकवलंत. इथेही आधी ढकलणंच! मग समोरून काडी घालून थिंबलची बारकी जीभ दाबलीत आणि ते मागून अलगद बाहेर काढलंत. वायरवर आधी रबराची टोपी चढवली, मग नवं थिंबल दाबून बसवलं. मी असतो तर टोपी विसरलो असतो आणि सगळं पुन्हा सोडावं लागलं असतं. आत घालताना टक् झालं, तरी तुम्ही वायरला हलकासा ओढा देऊन पाहिलात. त्या रात्री वायर ओढायची परवानगी होती ती तेवढीच.

लाइट लागला. मी पाकीट काढलं, तर तुम्ही म्हणालात, “आता तुम्ही काढा.” काढला. “लावा.” लावला. “परत काढा.” पाऊस पडतोय, रात्रीचे साडेदहा वाजलेत, आईला घाटाची काळजी लागलीय आणि तुम्ही माझी परीक्षा घेताय. खरं सांगतो, तेव्हा थोडा वैताग आला होता.

बल्बवरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. जास्त उजेडाच्या लोभाने मी १००/९० वॅटचा, म्हणजे हाय बीमला १०० आणि लो बीमला ९०, असा घेतला होता. तुम्ही तो काढून जुना ६०/५५ चाच परत लावलात, काचेला बोट न लावता. तेव्हा मला ते जुन्या माणसाचं भय वाटलं. नंतर घरी हिशेब केला: १२ व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे ८ च्याही वर. वायर आणि कपलर मात्र तेच, पाचाच्या बेताने केलेले. होल्डर करपून तपकिरी का होतात ते तेव्हा उमगलं.

तुम्ही घेतलेत ८० रुपये. त्यात थिंबल होतं, मेहनत होती आणि आईसाठी मागवलेला चहाही होता, हे मला पुढे पोलादपूर आल्यावर सुचलं.

मागच्या महिन्यात मेहुण्याच्या नव्या गाडीचा हेडलाइट पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरने फोडला. बदलायला बसलो, तर त्या कपलरला लॉकवर आणखी एक लाल सरकपट्टी होती. पूर्वीचा मी असतो तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली असती. मोबाइल खाली धरून आधी फोटो काढला, लाल पट्टी नीट मागे सरकवली, पार उपटून काढली नाही. मग कपलर आत ढकलला, दाबला, बाहेर. मेहुणा म्हणाला, “कुठे शिकलास?” मी म्हटलं, महाडला. तो अजून समजतो की मी तिथे कोर्स केला.

आईची जुनी छत्री मोडली तेव्हा एक काडी मी घासून ठेवली. डॅशबोर्डच्या खणात असते. आई आता पंचाहत्तरीला आली, दर प्रवासात विचारते, “त्या वायरमनचा पत्ता लागला का रे?” तिला तुम्हाला उकडीचे मोदक द्यायचे आहेत.

एक कबुली द्यायची राहिली. उजव्या बाजूचा कपलर बघून तुम्ही म्हणाला होतात, “इथे कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घातलाय, लॉक तुटलंय, प्लास्टिकच्या झिप टायने बांधलाय. हादऱ्याने सैल होईल, नवा लावून घ्या.” मी हो म्हटलं होतं. काका, ती झिप टाय अजून तशीच आहे. दिवाळीच्या आत बदलतो.

तुमचा,
पक्कडवाला