तुझी ती 'उन्हाळी'

बोरिवली, मुंबई

प्रिय शुभे,

काल फोनवर "उन्हाळी लागलीय गं, धने-जिऱ्याचं पाणी घेतेय" एवढं सांगून तू विषय बदललास. माझ्याही शेजारी सासरे पेपर वाचत बसलेले, म्हणून गप्प बसले. आता मोकळेपणी लिहिते.

गेल्या मेमध्ये मीही हेच म्हणत होते. लघवी करताना चरचर, चार थेंब होतात न होतात तोच पुन्हा लागल्यासारखं. ओटीपोट जड, लघवी गढूळ. आठवडाभर सब्जा, वाळा, कोकम सरबत, सगळं झालं. मग मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या पर्समध्ये टाकल्या. अक्कल माझी! पुढच्याच आठवड्यात ऑफिसात हुडहुडी भरली, उजव्या कुशीत कळ, उलटी. चर्चगेटहून घरापर्यंत लेडीज डब्यात दाराशी खाली बसून आले.

मूत्राशयातले जंतू वर मूत्रपिंडात चढले होते. डॉक्टरबाई आधी ओरडल्या, मग कागदावर चित्र काढून दाखवलं. जंतू आपल्याच आतड्यातले, बहुतेक वेळा ई. कोलाय. बायकांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटीमीटर, पुरुषांची 20च्या आसपास. शिवाय शौचाची जागा लागूनच. म्हणून हा त्रास आपल्याच वाट्याला जास्त. पुढून मागे धुवायचं, आणि (लाजू नकोस) नवऱ्याजवळ गेल्यावर नंतर लघवीला जाऊन यायचं. पाळी जायच्या वयात हे वाढतं म्हणे, म्हणजे आपली पाळी आलीच!

उन्हात पाणी कमी पडूनही जळजळते, ते भरपूर पाणी प्यायलं की थांबतं. तुझे तर चार दिवस झाले. धन्याच्या पाण्याने जंतू मरत नाहीत गं.

माझं खरं कारण मला ठाऊक होतं. लोकलमध्ये संडास नाही, स्टेशनवरच्यात पाय ठेववत नाही, म्हणून मी पाणीच प्यायचे नाही. सकाळी भरलेली बाटली रात्री तशीच घरी यायची. याच शहरात 2011 पासून बायका 'राईट टू पी' म्हणत मुताऱ्यांसाठी भांडताहेत, आणि मी आपली दाबून धरण्यात पटाईत!

तू उद्याच डॉक्टरकडे जा. गोळी सुरू करण्याआधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, लघवी दे, नाहीतर जंतू नीट सापडत नाही. पहिली धार सोडायची, मधली डबीत धरायची. माझी पहिली डबी हातातून सटकून बाथरूमभर झाली, ते भेटल्यावर सांगेन. रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. कुठल्या गोळीला जंतू दाद देतो तेही त्यात कळतं. दिलेल्या गोळ्या मात्र संपव. आणि ताप, थंडी, कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता तडक जा.

भावजींना सांगायचा संकोच वाटत असेल तर मला फोन कर, मी सांगते त्यांना.

तुझी,
मंदा